बेडीची लाज न धरणारे

शास्त्रपाठ : मत्तय २५:३१-४०, २ तीमथ्य १:१६-१८, फिलिप्पै २:२५-३०, ४:१०-१८



बंदिवानाची भेट घ्यावी, ही प्रभूची शिकवण आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या भेटीला पैसे लागतात, याचा विचार आपल्या मंडळ्यांतून क्वचितच होतो.

पौल रोममध्ये बंदीत असता अनेसिफराने त्याला शोधून काढले. पौलाच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलासाठी देणगी पाठवली. त्या काळी बंदिवानाच्या अन्नवस्त्राची काळजी बहुधा बाहेरच्या आप्तांनाच करावी लागे. या सेवेत एपफ्रदीत आजारी पडून मरणाला टेकला होता. जाणारा एकच होता, पण त्याला पाठवणारी सगळी मंडळी होती. म्हणूनच पौलाने ती देणगी देवाला संतोष देणारा यज्ञ मानली.

आता आपल्याकडे पाहू. बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहात मुलाला भेटायला निघालेल्या मजूर आईचा विचार करा. जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसने मोफत प्रवास मिळू लागला. पण सोबतच्या वृद्ध वडिलांचे तिकीट, वाटेतले खाणे आणि बुडालेली मजुरी यांचे काय? घर सीमेपलीकडे असेल, तर तिलाही तिकीट काढावे लागते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या योजनेत गरीब बंदिवानाला जामिनाच्या व दंडाच्या रकमेसाठी साहाय्य ठेवले आहे. कुटुंबाच्या प्रवासासाठी नाही. इंग्लंडमध्ये गरीब आप्तांना अशा भेटींचा खर्च सरकारकडून मागता येतो. आपल्याकडे हा भार मंडळीने का उचलू नये?

कोणी म्हणेल, “ही तर गुन्ह्याला मदत झाली!” तसे नाही. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहू नये, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात शिकवले आहे. शिवाय खटला चालू असलेल्या बंदिवानाचा दोष अजून ठरलेलाही नसतो. शिक्षा न्यायालय देते. घरच्यांना वाळीत टाकण्याची दुसरी शिक्षा मात्र पुष्कळदा आपणच देतो.

मंडळीने पुढील गोष्टी कराव्यात :

१. वर्गणीतून लहानसा प्रवास निधी वेगळा काढावा. त्यात तिकिटाबरोबर जेवण व एका दिवसाची मजुरी धरावी.

२. पाळक व खजिनदार या दोघांनीच हिशेब पाहावा. मदत घेणाऱ्याचे नाव वेदीवरून किंवा अहवालात येऊ नये.

३. भेटीचा दिवस, वेळ व ओळखपत्र यांची चौकशी निघण्यापूर्वी करून द्यावी. ई-मुलाकात व्यवस्थेत भेटीची आगाऊ नोंदणी करता येते. ज्यांना मोबाइल जमत नाही, त्यांना तरुण संघाने मदत करावी.

४. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी अशा घरच्या मुलाला वर्गात गुन्ह्याविषयी विचारू नये व इतरांनाही विचारू देऊ नये.

पौलाने केवळ अनेसिफरासाठी नव्हे, तर त्याच्या घरच्यांसाठीही दया मागितली. बंदिवानामागे घर असते, हे आपणही विसरू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाची भेट कशी घेतली?

२. आपल्या मंडळीतील असे एखादे घर लाजेने उपासनेला येईनासे झाले आहे काय? त्यांच्याकडे प्रथम कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, तुझ्या भेटीला निघालेल्यांची वाट आम्हांला सोपी करू दे. आमेन.