विधान आधी तपासा

'लीन'सारखं सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर नव्याने शिकणाऱ्यांची सगळी भीती सिद्धतेची असते. विद्यार्थ्यांसोबत बसून माझं मत असं झालंय की खरा धोका त्याआधीच, विधान लिहितानाच असतो.

एका विद्यार्थिनीने स्वतःचं पहिलं प्रमेय लिहिलं : क ही नैसर्गिक संख्या आहे; क − ५ < ० असेल, तर क < ५. 'ओमेगा' ही एकच आज्ञा दिली आणि सिद्धता पूर्ण. ती खूश झाली. मी म्हटलं, "आता निष्कर्ष बदल, क > १०० लिही." तीच आज्ञा, आणि तेही सिद्ध! ती माझ्याकडे बघतच राहिली.

लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची वजाबाकी शून्याखाली जातच नाही. २ − ३ चं उत्तर तिथे ० येतं. म्हणजे क − ५ < ० हे गृहीतक कधीच खरं होणार नाही, आणि अशक्य गोष्ट गृहीत धरली की त्यातून काहीही सिद्ध होतं. क ला पूर्णांक केल्यावर ५ चं विधान सुटलं, १०० चं अडलं. तर्क दोन्ही वेळा निर्दोषच होता. आपल्याला काय म्हणायचं होतं, हे मात्र यंत्राला कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगते : प्रमेय सुटलं की त्याच गृहीतकांतून उलटा निष्कर्ष निघतो का, ते पाहा. निघाला, तर गृहीतकं पोकळ आहेत. आणि सिद्धतेला हात घालण्याआधी विधानात ०, १, २ घालून बघा. १ + २ + … + न = न(न + १)/२ हे सूत्र लिहिताना मुलं डावीकडच्या बेरजेसाठी 'रेंज न' घेतात. ती ० पासून न − १ पर्यंतच जाते. न = १ घातलं की डावीकडे ०, उजवीकडे १. हे न पाहता खोट्या विधानाची सिद्धता शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. त्याच सूत्रातला भागाकारही सांभाळा : नैसर्गिक संख्यांत ७ / २ म्हणजे ३. 'बेरजेची दुप्पट = न(न + १)' असं लिहिलं की ती कटकटच मिटते.

मोठी माणसंही ही काळजी घेतात. गणितज्ञ पीटर शोल्झे यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपलं एक अवघड प्रमेय लीनमध्ये तपासून देण्याचं आव्हान दिलं; जुलै २०२२ मध्ये ते काम पूर्ण झालं. ते करणाऱ्या चमूने आपल्या व्याख्या योग्य आहेत हे पटवणारी उदाहरणंही प्रकल्पात ठेवली. मला त्यातलं हेच सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

सुरुवात 'नॅचरल नंबर गेम' या लीनच्या ऑनलाइन खेळापासून करा. तिथे विधानं तयार मिळतात, त्यामुळे आज्ञा हाताखालून जातात. पुढे स्वतःचं काही घ्याल तेव्हा सिद्धता आधी कागदावर मांडा. मग तिच्या पायऱ्या लीनमध्ये लिहून प्रत्येकीखाली सिद्धतेची जागा राखणारा 'सॉरी' हा शब्द ठेवा आणि एकेक भरत जा. 'सॉरी' राहिला तर लीन चूक दाखवत नाही, फक्त इशारा देतं, आणि लांब फाइलीत तो नजरेतून सुटतो. शेवटी 'प्रिंट ॲक्सिअम्स' चालवा; प्रमेय कोणत्या स्वयंसिद्धांवर उभं आहे, त्याची यादी ही आज्ञा देते. यादीत 'सॉरी-ॲक्स' आलं, तर कुठेतरी एक पायरी अजून रिकामी आहे.