पाडव्याच्या भावावर मळा लावू नये

डिसेंबर सरत आला की रोपवाटिकेत जो-तो एकच विचारतो, आता लावलेला झेंडू पाडव्याला सापडेल का? मोठ्या बागायतदाराने खुशाल विचारावे. वीस-तीस गुंठ्यांत फुलेही घेणारा, भाजीही घेणारा आणि दोन्ही स्वतः बाजारात नेऊन विकणारा जो शेतकरी आहे, त्याने मात्र लागणीचा हिशेब या प्रश्नापासून सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. फाल्गुन-चैत्राचे दोन-अडीच महिने त्याच्या हातात रोख पैसा खेळवणारे असतात. ते सणाच्या आदल्या दोन दिवसांच्या भावावर लावणे म्हणजे सरळ सट्टा. झाड दिवस मोजते ते लागणीपासून आणि पाडवा येतो चांद्र पंचांगाने. २०२३ साली तो २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. म्हणजे गेल्या वर्षीची लागणीची तारीख यंदा कामाची नाही. पंचांग पाहून तारीख मागे-पुढे केली, तरी झेंडूचे रोप तयार व्हायला चार आठवडे आणि लागणीपासून फूल धरायला साधारण दोन महिने, हा नुसता अंदाज असतो. शेंडा खुडला तर फुटवे वाढतात, पण फूल लांबते. ऊन लवकर तापले तर फूल बारीक राहते आणि वजनाला भरत नाही.

आणि समजा, नेम बसला. तो आपल्या एकट्याचा बसत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी त्याच सुमारास त्याच जातीची रोपे लावलेली असतात. गाड्या एकाच रात्री गुलटेकडीला किंवा दादरला लागतात आणि आदल्या दिवशी चढलेला भाव सणाच्या सकाळी आवक पाहून उतरायला लागतो. कोथिंबिरीची जुडी उरली तर संध्याकाळी पडत्या भावात का होईना, जाते. पाडव्याच्या दुपारनंतर झेंडूच्या गोणीकडे कोणी वळूनही पाहत नाही. फुले दुपारच्या उन्हात तोडून तशीच गरम गोणीत दाबली असतील तर आतून काळी पडायला रात्रही पुरते. एका दिवसावर सगळे टाकणे किती महागात पडते, हे २०२० साली राज्याने पाहिले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. असे संकट रोज येत नाही, हे खरे. पण भावामागे धावण्याची खोड नेहमीचीच आहे, आणि तिला सणही लागत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले गेले आणि जुलैत तेच टोमॅटो किलोला शंभरी ओलांडून गेले. मेमध्ये ज्यांनी बाग उपटली, त्यांना जुलैच्या भावाचा काय उपयोग?

मग करायचे काय? माझ्या मते छोट्या मळ्याचे खरे पीक फुलपुडी आहे. सणाचे गिऱ्हाईक वर्षातून चार-दोनदा येते, देवपूजेचे गिऱ्हाईक रोज. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा, गुरुवारी पिवळी फुले, शनिवारी रुईची माळ. हे वेळापत्रक शहरात राहायला गेलेल्या घरांतूनही सुटलेले नाही. हिशेब असा मांडा. समजा, घाऊक बाजारात झेंडू किलोला ४० रुपयांनी गेला, तर आडत्याच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन हातात पडेल ते आपले. त्याच झेंडूची शंभर ग्रॅमची पुडी, वर तुळशीची दोन पाने आणि एखादे जास्वंद ठेवून, २० रुपयांना गेली तर किलोमागे २०० होतात. किलोभर फुलांच्या दहा पुड्या बांधायला वेळ लागतो, निम्म्या उरल्या तर शंभरच हाती येतात. तरी भाजीच्या पाटीशेजारी ठेवलेल्या पुडीला वेगळे भाडे पडत नाही. भेंडी घ्यायला आलेली बाई जाता जाता पुडी उचलते. यासाठी झेंडू एकदम न लावता तीन-चार गुंठ्यांचे तुकडे पाडून पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने लावावा. २ बाय दीड फुटांवर गुंठ्यात साडेतीनशेच्या आसपास रोपे बसतात, पुडीच्या धंद्याला तेवढी पुष्कळ झाली. बांधाला तगर, जास्वंद, सोनचाफा असावा. मोगऱ्याचे दहा-बारा वेल असले तर मार्चपासून कळ्या सुरू होतात. त्या मात्र पहाटे, उमलण्याआधी खुडायला हव्यात, आणि या कामाचा आळस असेल तर मोगरा लावूच नये.

भाजीलाही हाच न्याय. कोथिंबीर एकाच दिवशी सगळ्या वाफ्यांत टाकली की एकाच आठवड्यात काढावी लागते, आणि चैत्राच्या उन्हात दोन-चार दिवस जरी उशीर झाला तरी तिला तुरे येतात. धणे रगडून, फोडून, रात्रभर भिजवून दर आठवड्याला दोन वाफे टाकले तर दर बाजारला कोवळी जुडी राहते. मेथी महिन्याच्या आत निघते. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे तिचा तोडा बाजाराच्या वाराशी जुळवून घेता येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की रोज बाजार करायचा कोणी? घरातली दोन माणसे तोडणीतच गुंततात, मजूर मिळत नाही आणि पुड्या बांधत बसायला वेळ कुठे आहे? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. ज्याच्या घरात बाजारात बसणारे माणूस नाही, त्याने माल आडत्याकडेच द्यावा. पण रोज बसायची गरजही नाही. २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरतात आणि शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकासमोर बसता येते. आठवड्याचे ठरलेले दोन बाजार धरले आणि लागण त्या दोन दिवसांकडे पाहून केली, तर उरलेले दिवस रानाला मिळतात. दुसरे म्हणणे असे की सणाला गिऱ्हाईक आपणहून फुले मागते, तेव्हा काय नाही म्हणायचे? अजिबात नाही. टप्प्याटप्प्याने लावलेल्या झेंडूतला एखादा तुकडा पाडव्याला सापडतोच, तो जरूर विकावा, चार पैसे जास्त घ्यावेत. फक्त बाकीचे तुकडे त्या दिवसाच्या भरवशावर नसावेत.

तुकड्यांचा सगळ्यात मोठा फायदा मला पाण्यात दिसतो. मार्चअखेर विहिरीचा तळ दिसू लागला की सलग अर्ध्या एकराचे पीक असणाऱ्याला सगळ्यालाच थोडे थोडे पाणी द्यावे लागते आणि सगळेच सुकते, लाल कोळी पडतो तोही अशाच ताणलेल्या झाडांवर. तुकडे असले तर जुना, दमलेला झेंडू सोडून देता येतो आणि त्याचे पाणी नव्या भेंडीला वळवता येते. गारपिटीचेही तसेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडली तशी गार पडली, तर उभे पीक वाचणार नाही, मग ते तुकड्यांत असो की सलग. पण पुढच्या आठवड्याच्या दोन वाफ्यांतले धणे तेव्हा अजून मातीखालीच असतात. पाणी तोडायची वेळ आली तर आधी तुरे आलेली कोथिंबीर काढावी, मग सगळ्यात जुना झेंडू. मोगऱ्याचे पाणी शेवटी, कारण तो पुढच्या वर्षीही तिथेच असतो.