श्रीमंतीचे एकक कोणते?



पुण्याजवळचे खराडी हे एके काळी मुळा-मुठेच्या काठचे शेतीचे गाव होते. आज तिथे संगणक कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, इथे नोकरी करणाऱ्यांच्या घरात महिन्याला दोन लाख रुपये येतात. म्हणजे ती कुटुंबे श्रीमंतच, नाही का?"

मी म्हणालो, "आधी एकक तपासू."

'महिन्याला दोन लाख' याचे एकक रुपये नव्हे, तर रुपये प्रति महिना आहे. एखादी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते, एवढ्यावरून ती किती अंतर तोडून आली हे सांगता येईल का? नाही. वेग वेगळा, अंतर वेगळे. त्याचप्रमाणे उत्पन्न हा प्रवाह आहे आणि संपत्ती हा साठा आहे. श्रीमंती मोजायची तर साठा पाहावा लागतो.

चार धरणांची गोष्ट

हा फरक खराडीपाशी वाहणाऱ्या नदीतच दिसतो. पुण्याच्या वरच्या अंगाला चार धरणे आहेत. त्यांची उपयुक्त साठवणक्षमता अशी: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी खडकवासल्यात येते. म्हणजे चौघांत सर्वांत मोठी आवक खडकवासल्याची, आणि साठा मात्र सर्वांत लहान! आलेले पाणी पुढे पाठवावे लागते.

समजा, पावसाळ्यात खडकवासल्यातून २५,००० क्युसेक विसर्ग चालू आहे. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. अशा वेळी खराडीजवळच्या पुलावरून पाहणाऱ्याला वाटेल, केवढे हे पाणी! पण आवक एकाएकी थांबली आणि विसर्ग तसाच राहिला तर? १९७ कोटी भागिले २५,००० म्हणजे ७८,८०० सेकंद. अवघ्या बावीस तासांत भरलेले धरण रिकामे होईल.

दोन घरे

आता दोन काल्पनिक घरे घेऊ.

'अ' घराचे उत्पन्न महिन्याला २,००,००० रुपये, खर्च १,९५,०००. बँकेत शिल्लक ३,९०,०००. फ्लॅटसाठी ८० लाखांचे कर्ज नुकतेच काढले आहे. व्याज ८.५ टक्के, मुदत वीस वर्षे. त्याचा हप्ता सुमारे ६९,४०० रुपये, आणि तो या खर्चातच धरला आहे.

'ब' घराचे उत्पन्न ७०,०००, खर्च ५०,००० आणि शिल्लक ६,००,०००. घर आजोबांनी बांधलेले, त्यामुळे हप्ता नाही.

तुम्ही म्हणाल, 'अ'चा हप्ता वाया जात नाही, त्यातून घर होते. बरोबर! पण पहिल्या हप्त्यात व्याजच सुमारे ५६,७०० रुपये जाते. मुद्दल फिटते ती सुमारे १२,७०० रुपये. पुढे मुद्दलीचा वाटा वाढत जातो, पण सुरुवातीला असेच असते. त्यात ५,००० ची बचत मिळवा. 'अ'चा साठा महिन्याला सुमारे १७,७०० रुपयांनी वाढतो, तर 'ब'चा २०,००० रुपयांनी. उत्पन्न मात्र 'अ'चे जवळजवळ तिप्पट!

आता धरणासारखाच भागाकार करा. पगार बंद पडला तर 'अ' घर दोन महिने तग धरेल आणि 'ब' घर बारा महिने. २०२० साली टाळेबंदीत अनेक घरांतले पगार थांबले किंवा कमी झाले, तेव्हा हा भागाकार कागदावरचा राहिला नाही.

मग उत्पन्नाला महत्त्व नाही का? आहे. ज्या घरात महिन्याला जेमतेम पोटापुरते येते, त्याला काटकसरीचे धडे देणे व्यर्थ आहे. ओढाच आटलेला असेल तर बांध घालून पाणी कुठून अडणार? शिवाय 'ब'चा खर्च कमी आहे तो आजोबांच्या साठ्यामुळे. जुना साठा प्रवाहाला आधार देतो.

साठ्यातून प्रवाह

जमीन हाही साठाच. ती विकल्यावर हाती आलेले पैसे उत्पन्नासारखे वाटतात. पण ते धरणाचे दार उघडल्यावर वाहणारे पाणी आहे. खराडीपासून नदीपलीकडे, हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल घेतले. २००० सालाच्या सुमारास तिथे वसाहतीचे काम सुरू झाले. साठा राखून त्यातून प्रवाह काढण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

करून पाहा

एका उंच डब्याला तळाजवळ लहान भोक पाडा. डबा नळाखाली ठेवून धार एकसारखी सोडा. पाणी चढते, आणि एका उंचीला येऊन थांबते. का बरे? पातळी वाढली की भोकातले पाणी अधिक वेगाने पडते. उंची चौपट झाली तर वेग दुप्पट होतो. जावक आवकेएवढी झाली की साठा वाढत नाही. घरातही हाती पैसा खेळू लागला की खर्चाची धार अशीच मोठी होते.

आता नळ मोठा सोडा. पातळी आणखी चढून पुन्हा थांबेल. मग नळ बंद करा आणि डबा रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्यानंतर भोक निम्मे बुजवून हेच पुन्हा करा, आणि दोन्ही वेळा वहीत शेजारी शेजारी लिहा.

आणि पुढच्या वेळी कोणी 'अमक्याला इतका पगार आहे' असे सांगितले, तर त्याला विचारा: घरात उरते किती, आणि ते किती महिने पुरेल?