टेम्पोचा ‘पिकअप’ आणि लेकीचा दमा

पावसाळा सरून थंडी पडू लागली की चिंचणीतील माझ्या दवाखान्यात धाप लागलेली मुले जास्त येतात. अशाच एका सकाळी, वाणगावची मिरची वाशीच्या बाजारात पोचवणारे एक टेम्पोचालक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीच्या छातीत शिट्टी वाजत होती. महिनाभरातली ही तिसरी खेप.

घरात कोणी विडी ओढते का? चूल पेटते का? दोन्हींना नकार. मग मी विचारले, “टेम्पो कुठे उभा करता?”

“पडवीलगत. पहाटे चारला चालू करून पंधरा मिनिटं गरम करतो. पण डॉक्टरसाहेब, माझी गाडी धूर टाकत नाय. मिस्त्रीने ईजीआर बंद केलाय. पिकअपपण वाढला!”

हे उत्तर ऐकून मला आजचा विषय मिळाला. कारण ‘धूर दिसत नाही म्हणजे त्रास नाही’ ही समजूत अनेकांची असते.

ईजीआर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र नांदतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. परंतु डिझेल इंजिनातील प्रचंड उष्णतेत त्यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. हे टाळण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा काही भाग एका व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडतात. त्यामुळे आतील ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाची आच उतरते आणि हे विषारी वायू कमी बनतात. हीच ईजीआरची योजना.

तिचा एक दोषही आहे. परत येणाऱ्या वायूबरोबर काजळी येते, तेलाच्या वाफेत मिसळून ती व्हॉल्व्हवर आणि नळीत थापली जाते. व्हॉल्व्ह अडकतो, गाडी जड चालते, काळा धूर सोडते. मग पत्र्याची चकती बसवून ती वाटच बंद केली जाते. गाडी हलकी वाटते, धूरही कमी होतो. म्हणजे मिस्त्रीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. पण पूर्ण ताकद लागते तेव्हा निरोगी ईजीआर व्हॉल्व्ह बहुधा आपोआप मिटतो. तेव्हा ‘वाढलेला’ पिकअप हा बहुतेक वेळा अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे गेलेलाच पिकअप असतो. तो साफसफाईनेही परत मिळतो.

चकतीने दिसणारी काजळी घटते आणि न दिसणारा वायू वाढतो. या वायूंपैकी नायट्रोजन डायऑक्साइड फसवा आहे. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून तो नाकालाच झोंबतो आणि माणूस दूर पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड फारसा विरघळत नाही. तो नाक-घसा ओलांडून थेट बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो, त्यांना सूज आणतो. दम्याच्या रुग्णाच्या नलिका आधीच हळव्या, त्या आणखी आवळतात. उन्हात याच वायूंपासून ओझोन बनतो, तोही फुप्फुसांचा वैरी.

पीयूसीचा कागद आहे ना, असे कोणी म्हणेल. डिझेल गाडीच्या नेहमीच्या पीयूसी तपासणीत धुराची गडदता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. म्हणून चकती बसवलेली गाडीही पास होऊ शकते.

हा खेळ केवळ गल्लीतील गॅरेजांचा नाही. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीने तपासणीच्या वेळीच वायू कमी सोडणारी संगणकीय युक्ती डिझेल गाड्यांत वापरल्याचे अमेरिकेत उघड झाले. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने तपासणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

आपल्या डहाणू तालुक्याला तर हा विषय अधिक लागू आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा इतरत्र घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर अशा अधिसूचित भागासाठी ३०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर केवळ १० आहे.

मग वाहनधारकांनी काय करावे?

१. ईजीआर बंद करण्याऐवजी व्हॉल्व्ह व नळी काढून साफ करून घ्यावी. व्हॉल्व्ह बाद झाला असल्यास बदलावा.
२. काजळी फार होत असेल तर एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासावेत. मूळ दुखणे अनेकदा तिथे असते.
३. ईजीआर चालू असो वा बंद, दारात इंजिन घरघरत ठेवू नये. गाडी सुरू करून थोड्याच वेळात सावकाश निघावे. इंजिन चालताना लवकर गरम होते.
४. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत अशी छेडछाड केल्यास धोक्याचा दिवा लागतो आणि इंजिनाची ताकदही घटू शकते.
५. दम्याच्या मुलांचा पंप डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये. ओठ निळे पडणे, बोलताना धाप लागणे, बरगड्या आत ओढल्या जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

त्या मुलीचा दमा टेम्पोमुळेच जडला, असे मी म्हणणार नाही. दम्याला कारणे अनेक असतात. पण मी तिला रोजचा पंप नीट घ्यायला शिकवले आणि वडिलांनी टेम्पो रस्त्याच्या कडेला, घरापासून लांब उभा करायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी ती आली ती शाळेच्या शर्यतीत धावू का, हे विचारायला.

वडील बाहेर थांबले होते. म्हणाले, “चकती काढली, डॉक्टरसाहेब. व्हॉल्व्ह धुतला. पिकअप होता तेवढाच आहे.”