आधी टेबल, मग तापीकाठ

जळगावात सोनं घ्यायला निघालेलं घर आधी चार पेढ्या फिरतं, घडणावळ विचारतं, घटीचा हिशेब करतं आणि मगच पैसे काढतं. त्याच घरातला मुलगा कॅमेरा घ्यायचं ठरवतो तेव्हा एका संध्याकाळी दोन व्हिडिओ बघून हप्ते बांधून मोकळा होतो. काही महिन्यांनी माझा फोन वाजतो. ‘काका, कॅमेरा भारी आहे, पण फोटो मोबाइलसारखेच येतात. कोणती लेन्स घेऊ?’ कोणतीच घेऊ नकोस, असं मी सांगतो. पोरगं नाराज होतं. हे लिहितोय ते अशा नाराज पोरांसाठी.

लेन्सचा रस्ता मी चालून आलोय. नोकरी धुळ्यात, सासुरवाडी रावेरकडची, त्यामुळे केळीच्या बागा, तापी, सातपुडा हे सगळं हाताशी. पहिली मोठी खरेदी केली ती लांबचं जवळ आणणाऱ्या झूमची. ती आली आणि माझे पाय थांबले. बांधावर उभं राहायचं, रिंग फिरवायची, मजूर जवळ आला की बटण दाबायचं. घरी येऊन बघावं तर मजूर मोठा दिसतोय, पण तो, त्याच्या मागची केळीची रांग आणि रांगेमागचा डोंगर एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखे. हे असं का होतं ते फार उशिरा कळलं. जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा किती मोठी दिसणार, हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. झूम त्याच दृश्याचा एक तुकडा कापून मोठा करून देते, एवढंच. दृश्य बदलायचं तर चालावं लागतं, आणि चालायला काही हप्ता पडत नाही.

दुसरी अडचण पडद्यावरच्या चौकटीची. मोबाइलमध्ये दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसतात, त्या छेदतात तिथे विषय ठेवा, असं जो तो सांगतो. ‘एक-तृतीयांशाचा नियम’ हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली, निसर्गचित्रांबद्दलच्या पुस्तकात वापरलं. तो बोलत होता ते चित्रातल्या वाटणीबद्दल: उजेड आणि अंधार, आकाश आणि जमीन सारखे अर्धे-अर्धे नकोत, एकाचा वाटा मोठा असू द्या. विषय मोजून-मापून छेदबिंदूवरच बसवायचा, हा हट्ट पुढच्यांचा. मी तो हट्ट इमानाने पाळला. मेहरूण तलावावरचा सूर्यास्त घ्या, हतनूर धरणावरचे पक्षी घ्या, क्षितिज नेहमी त्याच रेषेवर आणि सूर्य किंवा पक्षी त्याच कोपऱ्यात. फोटो चुकीचे नव्हते. फक्त एक पाहिला की बाकीचे पाहायची गरज राहत नव्हती.

तिसरा अनुभव एका सशुल्क शिबिराचा. एका म्हाताऱ्या बाबांना फेटा बांधून बसवलं होतं, बाजूला ओलं गवत पेटवून धूर केला होता आणि आम्ही सगळे अर्धवर्तुळात. प्रत्येकाला ‘अस्सल ग्रामीण’ फोटो मिळाला, तोच फोटो सगळ्यांना. बाबांना त्या दिवसाचे पैसे मिळाले असतील, पण त्या दुपारी कोणी त्यांच्याशी दोन शब्द बोललेलं मला आठवत नाही. रचना म्हणजे मांडामांड, हे खरं. पण मांडामांडीचा सराव माणसांवर करायचा नसतो. तो वस्तूंवर करायचा, आणि तो कसा करावा हे दाखवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला.

केकी मूस (१९१२–१९८९). जन्म मुंबईचा, घर पारशी, शिक्षण विलायतेत, आणि नंतरचं सगळं आयुष्य चाळीसगावात, स्टेशनजवळच्या एका बंगल्यात. जवळजवळ पन्नास वर्षं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. गावात त्यांची गोष्ट निघाली की प्रेयसीची, तिला दिलेल्या शब्दाची आणि रोज मेल गाडीची वाट पाहण्याची निघते. पंडित नेहरू त्यांच्या घरी आले होते तेही सांगतात. गोष्टी रंगतात, पण त्यांच्या गर्दीत मूस यांचं काम मागे पडतं याचं मला वाईट वाटतं. चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या आकृती असं पुष्कळ त्यांनी केलं. छायाचित्रणात मात्र त्यांचं नाव झालं ते ‘टेबलटॉप’मुळे. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडायच्या, त्यांवर उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला ते खरंखुरं निसर्गदृश्य वाटावं. बाहेरचा डोंगर, बाहेरचं झाड न बघता त्यांनी घरात जग उभं केलं आणि त्या फोटोंना देशविदेशात पारितोषिकं मिळाली.

मला त्यातून जी किल्ली मिळाली ती अशी. शेतात, रस्त्यावर, जत्रेत तुम्ही एकही वस्तू हलवू शकत नाही. विजेचा खांब आहे तिथेच राहणार. टेबलावर प्रत्येक वस्तू तुमच्या हातात असते, त्यामुळे फोटो बिघडला तर दोष द्यायला खांब सापडत नाही. रचना शिकायची सगळ्यात चांगली जागा तीच.

तर असं करा. खिडकीपाशी टेबल किंवा पाट ठेवा. खिडकी उत्तरेची असेल तर उत्तम, कारण थेट ऊन बहुतेक वेळ येत नाही आणि उजेड तासन्‌तास फारसा बदलत नाही. घरातले बल्ब बंद करा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा म्हणजे तो हलणार नाही आणि प्रत्येक बदल नेमका दिसेल. मागे गडद रंगाची साधी चादर. आता भरताचं एकच वांगं ठेवा, आपलं हिरवं, लांबट. उजेड बाजूने येऊ द्या. वांग्याची एक कड उजळते, दुसरी काळोखात जाते आणि टेबलावर सावली पडते. ती सावली म्हणजे चौकटीतली दुसरी वस्तू, हे ध्यानात यायला मला पुष्कळ दिवस लागले. वांगं तिथेच ठेवून मोबाइल खाली घ्या, वर घ्या. खालून बघितलं तर वांगं भारदस्त होतं, वरून बघितलं तर ते भाजीवाल्याच्या पाटीतलं होतं.

मग शेजारी पितळी तांब्या ठेवा. दोन वस्तू आल्या की त्यांचं आपसात नातं ठरतं. मध्ये बोटभर फट ठेवली तर दोघं वेगवेगळे. एक दुसऱ्याच्या थोडं मागे सरकवलं तर खोली येते. पण दोघांच्या कडा नुसत्या टेकल्या की नजर त्या टेकलेल्या बिंदूवर अडकून बसते. ही टेकलेली कड सगळ्यांत फसवी. बाहेर गेल्यावर तीच बैलाच्या शिंगाला चिकटलेल्या तारेत आणि नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेल्या खांबात भेटते. टेबलावर ती एकदा ओळखता आली की बाहेर उपाय सोपा: आपणच वीतभर डावीकडे सरकायचं.

तिसरी वस्तू आली की कोणीतरी एक मोठा भाऊ व्हायला हवा. तिघं सारख्या उंचीचे, सारखे उजळ, सारख्या अंतरावर असतील तर फोटो नाही, दुकानाचा फळा होतो. एकाला उजेडात पुढे आणा, बाकीचे मागे किंवा अर्ध्या सावलीत. आणि शेवटी सगळ्यांत अवघड भाग: एक वस्तू काढून टाका. काढल्यावर फोटो सुधारला तर ती नकोच होती. सुधारला नाही तर परत ठेवा, पण आता ती तिथे का आहे हे तुम्हाला सांगता येईल.

तपासायच्या दोन युक्त्या. काढलेला फोटो उलटा करून बघा. उलटं वांगं वांगं वाटत नाही, नुसता आकार आणि वजन दिसतं, आणि चौकट कुठल्या बाजूला कलतेय ते लगेच कळतं. दुसरी, डोळे बारीक करून बघा. तपशील पुसले जातात, फक्त उजेड-अंधाराचे तुकडे उरतात. ते तुकडे तीन-चारच असतील तर फोटो बहुतेक वेळा उभा राहतो. आणि बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची. आपण मधे बघत असतो, नको ते सगळं कडेने आत शिरतं.

घरचे हसतील. आमच्याकडे वांग्याचा कार्यक्रम चालू असताना शेजारच्या आजी दारातून विचारायच्या, ‘आप्पा, व्हयनं का आते?’ कारण त्यांना ते वांगं भरताला हवं असायचं. हसू द्यावं.

टेबलावरून बाहेर पडाल तेव्हा पहिला प्रश्न खोलीचा येईल. इथे आपल्या भागाशी नातं असलेला दुसरा माणूस आठवतो. मेजर रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला १८४४ साली त्याची नेमणूक झाली आणि तो तिथेच राहून गेला. त्याच्या बहुतेक प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६च्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांच्या, शिकारीच्या त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ साली लंडनला निघाली. १८७९ साली तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याचे पुष्कळसे फोटो स्टिरिओ पद्धतीचे होते: दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि चष्म्यासारख्या यंत्रातून बघायची, म्हणजे दृश्य खोल दिसतं. पण त्या यंत्राची एक अट असते. चौकटीत काहीतरी जवळ, काहीतरी मधे आणि काहीतरी लांब असावं लागतं. नुसता लांबचा डोंगर त्यातूनही सपाटच दिसतो. आपल्याकडे ते यंत्र नाही, एका डोळ्याचा मोबाइल आहे. म्हणून ती अट आपण दुप्पट पाळायची.

लळिंगच्या किल्ल्यावरून धुळ्याकडे बघताना सगळे दरीचा आणि महामार्गाचा फोटो काढतात आणि घरी आल्यावर तो नकाशासारखा दिसतो. दोन पावलं मागे या, तटाचे पडके दगड चौकटीच्या खालच्या बाजूला येऊ द्या, महामार्ग मधून न नेता कोपऱ्यातून आत येऊ द्या. जुन्या धुळ्यात उलट अडचण. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या सरळ पेठा आणि नंबरांच्या गल्ल्या, त्यामुळे रेषा आयत्या मिळतात आणि सगळ्या एकाच बिंदूकडे पळतात. तिथे घाई करू नये. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्या पळणाऱ्या रेषांच्या टोकाशी एखादी सायकल, एखादी पाण्याची घागर येईपर्यंत थांबावं. रिकामी गल्ली कोणालाही मिळते.

केळीच्या बागेचं वेगळंच आहे आणि ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. बागेत ऊन पानांतून गाळून येतं, त्यामुळे माणसांचे चेहरे हिरवट पडतात. पडद्यावर ते चटकन कळत नाही, घरी कळतं. घड कापणाऱ्याचा चेहरा हवा असेल तर तो घड घेऊन बांधावर, उघड्या आभाळाखाली येतो तिथे थांबा. बागेच्या आत चेहऱ्याचा नाद सोडून आकार घ्या: पाठमोरा माणूस, डोक्यावरचा घड, लोंबणारं कमळ, फाटलेल्या पानांतून येणारे पट्टे. चौकटीत त्याचा हात कापला जाईल असं उभं राहू नये. आणि आधी विचारावं. ‘दादा, एक फोटो घेऊ का?’ एवढं विचारल्यावर नाही म्हणणारे थोडे, आणि म्हणाले तर कॅमेरा खाली.

उन्हाळ्यात दुपारी कॅमेरा घरीच ठेवा. जळगाव-धुळे साधारण २१ अक्षांशावर आहेत, मेच्या २५ तारखेच्या आगेमागे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. सावल्या पायाखाली जातात, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, आणि लांबचं सगळं झळांनी थरथरतं. सकाळी नऊच्या आत काय ते करून घ्यावं. हिवाळ्यात शेतावर भरीत असतं तेव्हा मात्र मजा: कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना उठणारा धूर सूर्याच्या दिशेने तोंड करून बघा, तो उजळून निघतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तोच धूर राखाडी घाण वाटतो.

श्रावणातल्या कानबाईसाठी एकच सांगतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत धक्के खात फोटो काढण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी ओळखीच्या घरी लवकर जा, आजींना विचारून कोपरा धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. समईच्या उजेडात देवीजवळचा भाग उजळ, बाकी घर काळोखात, म्हणजे टेबलावर आपण मोठ्या भावाला पुढे आणत होतो तेच इथे आयतं झालेलं असतं. काळोख भरून काढायला जाऊ नका. आणि रोट खाऊनच निघा, नाहीतर पुढच्या वर्षी कोपरा मिळणार नाही.

आता त्या लेन्सच्या पैशांचं. त्यातले थोडे काढून चाळीसगावचं तिकीट काढा. जळगावहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, धुळ्याहून स्वतंत्र फाट्याची गाडी आहे. मूस यांचं घर आता त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. उघडं असल्याची चौकशी करून जा. प्रत्येक फोटोसमोर आधी उजेड कुठून आलाय ते शोधा, मग सावल्या मोजा, मग मनातल्या मनात एक वस्तू काढून बघा. वही न्या. मोबाइल पिशवीत राहू द्या.