रोहूच्या पोटातला फुगा

प्रश्न : रोहू साफ करताना पोटात हवा भरलेला पांढरट फुगा निघाला. मासा खराब होता का? (एक वाचक, बारडोली)

उत्तर : मुळीच नाही. तो वाताशय, माशाचं तरंगण्याचं साधन. कण्याखाली चिकटलेला, मध्ये आवळलेला, दोन कप्प्यांचा. मांस आणि हाडं पाण्यापेक्षा जड. हा फुगा ती तूट भरून काढतो. गोड्या पाण्यातल्या माशांत तो शरीराची साधारण 7-8 टक्के जागा घेतो.

खरी कसरत खोलीची. 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो, फुगा निम्म्यावर येतो आणि मासा आणखीच बुडू लागतो. म्हणून आतला वायू सतत कमीजास्त करावा लागतो. रोहू-कटल्याचा फुगा नळीने घशाला जोडलेला असतो; वर येऊन हवा गिळायची, जास्तीची सोडून द्यायची. तिलापियाला मोठेपणी ती नळी नसते, तो रक्तातूनच वायू भरतो. मोरीला फुगाच नाही, तिचं काम तेलकट यकृतावर भागतं. बोंबीलही बिनफुग्याचा, तळताना छळणारं त्याचं पाणचट अंग मुळात फारसं जड नसतंच.

पुढच्या वेळी फुगा न फोडता काढा आणि वाटीभर पाण्यात टाकून बघा. मुलांनाही दाखवा.