खुले रंगस्थळ, बंदिस्त रंगस्थळ आणि अंकविभाजन

सुमारे १६०९ पासून शेक्सपिअरच्या 'किंग्ज मेन' या नाटकमंडळीपाशी लंडनमध्ये दोन रंगस्थळे होती. उन्हाळ्यात तिचे प्रयोग ग्लोबच्या उघड्या चौकात दिवसाउजेडी होत. हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त दालनात, मेणबत्त्यांच्या प्रकाशात होत. ग्लोबमध्ये एका पेनीत उभ्याने नाटक पाहता येई; ब्लॅकफ्रायर्सचा किमान दर सहा पेन्स होता. ग्लोबमध्ये प्रयोग सलग चाले. ब्लॅकफ्रायर्समध्ये मात्र अंकांच्या दरम्यान विराम घेतला जाई. त्या अवकाशात वाती नीट केल्या जात, संगीत वाजे. पुढे ही प्रथा ग्लोबमध्येही रूढ झाली. त्यामुळे १६२३ च्या संग्रहातील अनेक नाटकांची पंचांकी विभागणी केवळ अभिजात संकेताचे अनुकरण मानणे अपुरे ठरते. संहितेच्या रचनेत रंगस्थळाचा व्यवहारही मुरलेला असतो; त्याचा विचार टाळून केलेली नाट्यसमीक्षा एकांगीच राहते.